धनुष्याची पाठ

काठी गुडघ्यावर ठेवून मोडली, तर ती आधी कोणत्या बाजूने फुटते? बाहेरच्या, फुगीर बाजूने. तिथले तंतू ताणले जातात, आतल्या बाजूचे दाबले जातात. दोहोंच्या मधे एक थर असा असतो, की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. आज हे आपण फळ्यावर सहज दाखवतो. पण हे गणित जुळवायला विज्ञानाला बराच काळ लागला.

१६३८ साली गॅलिलिओने भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार मांडला. तुळई मोडताना तिचा सगळा छेद ताणलाच जातो, असे त्याने धरले. त्यामुळे तिची ताकद तिप्पट निघाली. १६७८ मध्ये रॉबर्ट हूकने वाकलेल्या लाकडाची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते, हे नोंदवले. बिनचूक मांडणी पुढे अठराव्या शतकात पॅरां आणि कुलोम यांनी केली.

धनुष्य घडवणाऱ्यांच्या हातांना मात्र हे कितीतरी आधी उमगले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. संयुक्त धनुष्यात मधे लाकूड, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हणजे 'पोटाला' शिंग, आणि पलीकडच्या 'पाठीला' सरसात भिजवलेले स्नायूंचे तंतू असत. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. दमट हवेत सरस सैल पडे, म्हणून आपल्याकडे पोलादी धनुष्येही झाली.

पाठीला लाकूड किंवा बांबूची पट्टी लावणे हा त्यावरचा साधा उपाय. आपल्या सह्याद्रीत धामण हे लवचीक लाकूड मिळते. त्याचे संस्कृत नावच धनुर्वृक्ष! पट्टीसाठी मात्र बांबू सरस, कारण त्याच्या तंतूंच्या जुड्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात. म्हणून साल बाहेर ठेवायची आणि पट्टी आतून तासून पातळ करायची. पेरांवरचे उंचवटे घासून सपाट केले, की तंतू तुटतात आणि चीर तिथूनच जाते. लाकडाची पट्टी असेल, तर तिचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग हवेत.

पट्टी जाड ठेवली म्हणजे धनुष्य मजबूत होईल, असे वाटते. पण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाड बांबू ताणलाच जात नाही. मधला थर पाठीकडे सरकतो आणि सारा भार पोटावर येतो. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर दोष पाठीच्या जाडीत शोधावा. पट्टी टोकाशी सुटत असेल, तर बहुधा जोड सपाट नसतो किंवा लाकूड ओलसर असते.

मुरगूडच्या एखाद्या शाळेतही हे करून पाहता येईल. बांबूकाम करणाऱ्या बुरूड कारागिराकडून सारख्या मापाच्या दोन कामट्या आणाव्यात. एक साल बाहेर ठेवून, दुसरी साल आत ठेवून, चेहऱ्यापासून दूर धरून वाकवावी. कोणती आधी चिरफाळते, याचा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहावा. कारागिरालाही विचारावे. त्याचे उत्तर बहुधा बरोबर येईल. त्यामागचे कारण शोधणे हे वर्गाचे काम. गॅलिलिओचा तो ग्रंथही व्हेनिसच्या जहाजकारखान्यातील कारागिरांकडून काय शिकता येते, या चर्चेनेच सुरू होतो.