बालसंशोधक आणि छात्राध्यापक

अध्यापक विद्यालयात शिकत असताना सरावासाठी प्रत्यक्ष शाळेत जाऊन वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्यास छात्राध्यापक असे म्हणतात. आंतरवासितेच्या काळात त्याला ठरावीक घटकांचे पाठ घ्यावे लागतात आणि त्यांचे टाचण आधी तपासून घ्यावे लागते. लहान मुलांकडून एखादा संशोधन प्रकल्प करवून घेणे हे मात्र या साऱ्यात बहुधा सर्वांत अवघड काम होय. मुले काय विचारतील आणि त्यांना काय सापडेल, हे टाचणात आधी लिहिता येत नाही.

या पद्धतीची मुळे जॉन ड्यूई यांच्या विचारात आहेत. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मधील निबंधात ‘प्रकल्प पद्धती’ची मांडणी केली. पुढे लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड यांनी १९८९ च्या ग्रंथात बालवयासाठी तिचा सविस्तर विचार केला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाचे साधन बनविले होते. २०१० पासून राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ हे एक साधन ठरले. त्यानंतर प्रकल्पांची संख्या वाढली खरी. परंतु थर्माकोलच्या प्रतिकृती, दुकानातून आणलेले चित्रांचे तक्ते आणि पालकांनी रात्री जागून केलेली सजावट यांनाही तेच नाव मिळाले. त्यात मुलाचा स्वतःचा प्रश्न क्वचितच असतो.

खरा प्रकल्प कसा चालतो, हे तिसरीच्या वर्गातील एका साध्या प्रश्नावरून पाहता येईल. मुंग्यांना साखर अधिक आवडते की गूळ? बहुतेक मुले तत्काळ उत्तर देतील. ती उत्तरे फळ्यावर ‘अंदाज’ या शीर्षकाखाली लिहून घ्यावीत आणि तेथेच थांबावे. त्यानंतर सारख्या आकाराच्या दोन कागदांवर सारख्याच प्रमाणात साखर आणि गूळ वारुळापासून सारख्या अंतरावर ठेवायचा. दर पाच मिनिटांनी मुंग्या मोजून ताळ्याच्या खुणा करायच्या. ज्यांना अजून लिहिणे जड जाते, त्यांनी चित्र काढावे. ‘सारखे’ का, हा प्रश्न मुलांकडूनच आला तर उत्तम. न आल्यास एका कागदावर मुद्दाम जास्त साखर ठेवून पाहावी. मुले लगेच हरकत घेतात.

खरी कसोटी येथून पुढे लागते. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर गंधाची रेषा सोडते आणि इतर मुंग्या त्या रेषेने येतात. त्यामुळे एका कागदावरची गर्दी ही आवडीची खूण नसून पहिल्या मुंगीच्या वाटेचा परिणामही असू शकते. दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करून प्रयोग केला, तर निकाल उलटा येण्याची शक्यता असते. छात्राध्यापकास हे ठाऊक असते, मुलांना नसते. सांगून टाकण्याचा मोह येथे फार मोठा असतो. तासिका संपत आलेली, अर्धा वर्ग कुंपणाशी उकिडवा बसलेला आणि मागे निरीक्षणाचा तक्ता घेऊन मार्गदर्शक उभे. ‘पाठाचे उद्दिष्ट साध्य झाले का?’ या रकान्यात त्यांना काहीतरी लिहायचे असते. अशा वेळी एका दिवसाचे गैरसोयीचे आकडे वगळून नीटनेटका निष्कर्ष लिहवून घेतला की गुण सुरक्षित राहतात. मुले मात्र आपण मोजलेले खोटे होते, असे समजून घरी जातात.

अनुभवी शिक्षक यावर एक साधी वाट काढतात. टाचणात निष्कर्षाची जागा ते कोरीच ठेवतात आणि उद्दिष्ट म्हणून ‘मोजणे, नोंदविणे, पुन्हा पाहणे’ एवढेच लिहितात. मार्गदर्शकांशी त्याविषयी आधीच बोलून घेतात. तक्त्यावर दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी राहतात. त्यांच्याखाली मुलांच्याच अक्षरात नवा प्रश्न येतो: पहिली मुंगी कुठून आली?