क्षयाचा शब्दार्थ आणि माकडाची पापणी

'क्षय' ही संज्ञा 'क्षि' या संस्कृत धातूपासून सिद्ध झाली असून झिजणे हा तिचा अर्थ होय. दृश्य लक्षणावरून रोगाला नाव मिळाले. माकडांच्या बाबतीत मात्र हा शब्दार्थ दिशाभूल करतो. कारण फुप्फुसांत रोग बराच पसरेपर्यंत प्राणी वरकरणी धडधाकट दिसू शकतो. झीज दिसण्यापूर्वी संसर्ग ओळखावा कसा, हाच येथील प्रश्न आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या रोगग्रस्त प्राण्यांत माकडेही होती. १८९० मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन हे द्रव्य उपचार म्हणून पुढे मांडले. उपचार फसला; परंतु संसर्गित शरीरात ते प्रतिक्रिया उत्पन्न करते, हा गुण निदानाच्या कामी आला. पशुवैद्यांनी गुरांसाठी त्याचा लवकरच स्वीकार केला. परभणीस १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांतून शिकविल्या जाणाऱ्या गोक्षयाच्या निदानाचा पायाही हाच होय.

विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओ-संशोधन व लसनिर्मिती यांसाठी भारतातून ऱ्हीसस जातीची लाखो माकडे परदेशी गेली. ही निर्यात १९७८ मध्ये बंद झाली. रानातील माकडांत क्षय विरळा. तो बहुधा पकडल्यानंतर माणसाकडून जडतो आणि दाटीच्या पिंजऱ्यांत झपाट्याने पसरतो. एक रोगी प्राणी सुटला, तर सारी वसाहत आणि तिचे रक्षक धोक्यात येतात. म्हणून वरच्या पापणीच्या त्वचेत ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन टोचून २४, ४८ व ७२ तासांनी सूज पाहण्याची पद्धत रूढ झाली. पापणी निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे : माकडाला पुन्हा न धरता पिंजऱ्याबाहेरूनच निरीक्षण करता येते.

परंतु ही चाचणी जंतू दाखवीत नाही. शरीराने जंतूला दिलेले उत्तर दाखविते. संसर्ग अगदी ताजा असल्यास ते उत्तर अद्याप तयार झालेले नसते; रोग पराकोटीस गेल्यास, अथवा गोवर झाल्यास, ते लोपू शकते. म्हणजे सर्वांत धोकादायक प्राणीच कधीकधी निर्दोष ठरतो. यास्तव विलगवासात काही आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुनःपुन्हा करतात, आणि तिला क्ष-किरणचित्र, जंतुसंवर्धन व अलीकडील इंटरफेरॉन-गॅमा रक्तचाचणी यांची जोड देतात.

तात्पर्य, ट्युबरक्युलिनने क्षयाचे ज्ञान शब्दार्थातील झिजेपलीकडे नेले, तरी पापणीचे मौन हा आरोग्याचा पुरावा ठरत नाही.