डिंक, कात्री आणि आयती चौकट : स्क्रॅपबुकच्या टेम्प्लेटचा पूर्वेतिहास

सहलीहून परतल्यावर फोटोबुक तयार करणे आता अगदी सोपे झाले आहे. टेम्प्लेट उघडावे आणि रिकाम्या चौकटींत छायाचित्रे सोडावीत. जुनाट कागद, फाटलेल्या कडा, रंगाचे शिंतोडे, चिकटपट्टीचा तुकडा आणि त्या तुकड्याची खोटी सावलीसुद्धा वेगवेगळ्या थरांत आधीच मांडून ठेवलेली असते. ही आयती चौकट मात्र संगणकाने जन्माला घातलेली नाही. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे. चौकटीत काय मावावे हे कोणी ठरवायचे, हा तंटाही तितकाच जुना आहे.

१८५४ साली पॅरिसमधील छायाचित्रकार दिस्देरी याने ‘कार्त द व्हिझित’चे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे टिपायची आणि ती कापून भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डकवायची, अशी ही पद्धत होती. (त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.) कार्डाचा आकार ठरल्यामुळे अल्बमचे पानही ठरून गेले. जाड पानात खिडक्या असत आणि खाचेतून कार्ड आत सरकवले की पान तयार होई. कोणाचाही अल्बम उघडला तरी मांडणी तीच. राजघराण्यातील व्यक्तींची कार्डे तर दुकानांत विकत मिळत, त्यामुळे पुष्कळदा चेहरेही तेच असत.

या खिडक्या काही स्त्रियांना अपुऱ्या वाटल्या. १८६० च्या दशकात इंग्लंडमधील लेडी मेरी फिल्मर यांनी कोऱ्या पानावर जलरंगांत आपला दिवाणखाना रंगवला आणि छायाचित्रांतून कापलेल्या माणसांना त्यात उभे केले. त्यांत प्रिन्स ऑफ वेल्स आहे आणि अल्बम ठेवलेल्या मेजाजवळ त्या स्वतःही आहेत. पुढे केट गॉफ यांनी तर तळ्यात पोहणाऱ्या बदकांच्या धडांवर प्रतिष्ठित स्त्रियांचे चेहरे चिकटवले. ज्याला आज ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात, ते हेच. दादा चळवळीच्या कोलाजच्या कितीतरी आधी ते घडले; पण ते घरातल्या स्त्रियांनी फावल्या वेळात केले होते, म्हणून कलेच्या इतिहासाने त्याची दखल फार उशिरा घेतली.

अमेरिकेत चौकट वेगळ्या वाटेने आली. तेथे वृत्तपत्रांची कात्रणे जपण्याचे वेड होते, आणि मार्क ट्वेन त्यातलाच एक होता. वाळून खडा झालेल्या खळीने त्रस्त होऊन त्याने १८७३ मध्ये ‘स्वतः चिकटणाऱ्या’ स्क्रॅपबुकचे पेटंट मिळवले. पानांवर आधीच डिंक लावलेला असे. तो ओला करायचा आणि कात्रण दाबायचे. या वहीमुळे देशातल्या शिव्यागाळी कमी होतील, असा विनोदही त्याने केला. ती विकणारा डॅन स्लोट हा १८६७ च्या ‘क्वेकर सिटी’ जहाजावरील सफरीत ट्वेनचा सोबती होता. त्याच सफरीतून ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे प्रवासवर्णन जन्मले. त्या लेखकाच्या नावावर शब्द नसलेले पुस्तकही खपले, हे विशेष. जो डिंक आणि जो पसारा ट्वेनला नकोसा झाला होता, त्याचीच नक्कल आजचे डिजिटल टेम्प्लेट मोठ्या हौसेने करते, ही गंमत त्याला नक्कीच आवडली असती.

त्याच काळात फिलाडेल्फियात विल्यम हेन्री डॉर्सी कात्री चालवत होता. त्याचे वडील गुलामगिरीतून पळून आलेले. पुढे ते शहरातले नामांकित केटरर झाले. डॉर्सीने सुमारे चारशे कात्रणवह्या भरल्या. कृष्णवर्णीयांच्या सभा, शाळा, चर्च, नाटके, गुन्हे, मृत्युलेख, गोऱ्यांच्या पत्रांतील कोपऱ्यातली चार ओळींची बातमी, असे सारे त्यांत होते. त्या काळी अनेक जण जुन्या हिशेबवह्या आणि सरकारी अहवाल यांच्या छापील पानांवरच कात्रणे डकवत. म्हणजे सरकारने छापलेला मजकूर खाली जाई आणि आपल्याला जपावासा वाटलेला वर येई.

वर्तमानपत्राने विखरून टाकलेल्या ओळी डॉर्सीने शेजारी शेजारी आणल्या, तेव्हा त्यांतून एका समाजाचा इतिहास दिसू लागला. तो इतिहास लिहिणारी पुस्तके तेव्हा जवळजवळ नव्हतीच. चेनी येथील विद्यापीठात या वह्या कित्येक दशके दुर्लक्षित राहिल्या. अखेर इतिहासकार रॉजर लेन यांनी त्यांच्या आधारे फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय जीवनावर ग्रंथ लिहिला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉर्सीला जाऊन ६८ वर्षे झाली होती.