सोलापूरचा नगरविकास : अंकीय तंत्रविद्या व पर्यावरण

पाणी, वीज, कचरा, वाहतूक इ. नागरी सेवांचे अंकीय तंत्रविद्येच्या साहाय्याने मापन व नियंत्रण करून नैसर्गिक साधनसंपत्तीचा अपव्यय टाळणे, हे शाश्वत नगरविकासाचे एक उद्दिष्ट मानले जाते. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण प्रदेशात वसलेल्या सोलापूर शहरात (लोकसंख्या ९,५१,५५८–२०११) या उद्दिष्टाची कसोटी मुख्यत्वे पाण्याच्या प्रश्नावर लागली.

येथील सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदविला, अशी परंपरा आहे. नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली, तर एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. पुढे कापडगिरण्यांमुळे वस्ती वाढली आणि हे साठे अपुरे पडू लागले. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले (एकूण साठवणक्षमता सु. ३३२ कोटी घ.मी.). त्याचे पाणी शहरासाठी नदीपात्रातून टाकळीपर्यंत सोडण्याची पद्धत पडली. तीत बाष्पीभवन, झिरपणे व वाटेतील उपसा यांमुळे शहराच्या प्रत्यक्ष गरजेहून कितीतरी अधिक पाणी खर्ची पडते. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारखी ऊस पिकविणारी गावे याच खोऱ्यात असल्याने शहराच्या पाण्याचा प्रश्न शेतीच्या प्रश्नाशीही निगडित आहे.

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी ‘स्मार्ट सिटी’ मोहीम सुरू केली. तीत एका निवडक भागाच्या विकासाबरोबरच सर्व शहरासाठी तंत्रविद्याधिष्ठित योजना आखणे अपेक्षित होते. जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा समावेश झाला. त्या वेळी शहरात काही दिवसांआड पाणी मिळत असे. मोहिमेअंतर्गत उजनी ते सोलापूर ही सु. ११० किमी. लांबीची समांतर जलवाहिनी हाती घेण्यात आली. बंद वाहिनीमुळे नदीपात्रातील नाश टळतो. अशा वाहिनीवर प्रवाहमापक व दाबमापक बसविल्यास त्यांच्या नोंदी मध्यवर्ती केंद्रात जमा करता येतात. दोन ठिकाणच्या प्रवाहांतील तफावतीवरून गळतीचा भागही हेरता येतो.

मापनयंत्रे पाण्याची हानी उघड करतात. तथापि ती पाणी निर्माण करीत नाहीत. गळक्या नळांची दुरुस्ती, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि शहर व शेती यांतील न्याय्य वाटप ही कामे प्रशासनालाच करावी लागतात. मोहिमेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. तिचे खरे मूल्यमापन उभारलेल्या यंत्रणेवरून न होता, वाचलेले पाणी कोणाच्या वाट्यास आले यावरूनच होऊ शकेल.