मुरंबा आणि तरबेज, एकाच घरचे

मार्चचा शेवट होता. हडपसरच्या गाडीतळावर सासवडकडून आलेल्या बायका अंजिराच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. खाली अंजिराचीच पानं, वर जांभळट फळं नीट रचलेली. गोड फळांचा मीठा बहार संपायच्या आत घ्यावीत म्हणून अर्धा किलो घेतली आणि बसच्या गर्दीत पिशवी दबली. घरी येऊन पाहते तो सहा अंजिरं फुटलेली. फुटलेलं अंजीर रात्रभर राहत नाही, आंबतं. मी एकटीच होते आणि कढई काढायचा उत्साह नव्हता. काचेच्या खोल वाडग्यात फोडी टाकल्या, वर साखर, एक लवंग, लिंबाचे चार थेंब, आणि वाडगा मायक्रोवेव्हमध्ये सरकवला. चार मिनिटांत गोड, लालसर, चमकदार असं काहीतरी तयार झालं.

शेजारच्या आजी तेवढ्यात दार ढकलून आत आल्या. त्यांना वाटीत घालून दिलं आणि सहज म्हणाले, "आजी, अंजिराचा मुरंबा."

त्यांनी चमच्याने फोड दाबून पाहिली. "मुरलंय कुठे हे? मुरल्याशिवाय मुरंबा कसला गं?"

या एका प्रश्नाने मला सहा महिने झपाटून टाकलं आहे.

मायक्रोवेव्हची कुळकथा बऱ्याच जणांना ठाऊक असते, त्यामुळे ती एका दमात सांगते. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी ताकदवान मॅग्नेट्रॉन बनवला. १९४५ मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली गोडाची वडी अशाच मॅग्नेट्रॉनजवळ वितळली. १९४७ मध्ये माणसाएवढ्या उंचीची पहिली भट्टी विकायला आली आणि १९६७ मध्ये ओट्यावर मावेल अशी. साखरेची गोष्टही तशीच सर्वांच्या ओळखीची. आपल्या शर्करेची पर्शियात शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली आणि पुढे युरोपात गेली. तीच साखर फळाला लावून मुरब्बा या नावाने आपल्याकडे परत आली. माझं सगळं अडलं होतं ते या नावापाशी.

धागा हाती लागला तो ऑफिसच्या डब्यावर. सय्यदनगरचा माझा एक मित्र लेकीच्या शाळेबद्दल बोलत होता. "शिक्षण शाळेत होईल, पण तरबियत घरीच व्हायला हवी," असं तो म्हणाला. लहानपणी तो मदरशात अरबी शिकला आहे. मी आजींचा प्रश्न त्याच्यापुढे टाकला, तर तो हसून म्हणाला, "अगं, मुरब्बा आणि तरबियत एकाच घरचे आहेत." अरबीत 'रब्बा' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ वाढवणे, सांभाळणे, लहानाचं मोठं करणे. त्याचं भाववाचक नाम तरबिया, आपल्या कानाला ओळखीचं तरबियत. त्याच क्रियापदाचं कर्मणी रूप मुरब्बा, म्हणजे जोपासलेला, वाढवलेला.

मी डबा तसाच ठेवला. कारण तरबियत हा शब्द मराठीत कधीच येऊन बसला आहे. जुन्या मराठीत तो 'तरबेत' होता, शिकवून तयार केलेला अशा अर्थाचा, आणि आज आपण त्याला तरबेज म्हणतो. शेवटच्या त चा ज का झाला याचं माझं उत्तर असं की तेज, रंगरेज अशा शब्दांची लय कानात होती, तिने त ला आपल्याकडे ओढलं. ते बाजूला ठेवलं तरी नातं उरतंच. दांडपट्ट्यात तरबेज असलेला गडी आणि बरणीतला मुरंबा हे सख्खे चुलतभाऊ आहेत.

याहून मोठी गंमत पुढे आहे. मराठीने अरबीला न विचारता हीच जोडी स्वतःही लावली. राजकारणात कसलेल्या माणसाला आपण मुरलेला म्हणतो. नव्या सुनेला घरात मुरायला वेळ लागतो, असं म्हणतो. अरबीत फळाला तालीम दिली जाते आणि मराठीत माणूस फळासारखा मुरतो. एकाच कल्पनेला दोन्ही बाजूंनी दोन भाषांनी हात घातला.

माझ्या या लाडक्या मताविरुद्ध दोन दावे उभे आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला दावा अरबी घरातलाच. 'रुब्ब' म्हणजे फळांचा आटवलेला घट्ट रस. इराणात आजही डाळिंबाच्या आटवलेल्या रसाला रुब्ब-ए-अनार म्हणतात, आणि स्पेनमध्ये द्राक्षरसाचा पाक 'अर्रोपे' म्हणून मिळतो, तो हाच अर-रुब्ब. तेव्हा मुरब्बा म्हणजे रुब्बात घातलेलं फळ, जोपासण्याबिपासण्याचा इथे संबंधच नाही, असं हे मत. ऐकायला फार सरळ वाटतं. पण रुब्बापासून नियमाने जे रूप बनतं ते 'मुरब्बब', आणि अरबी कोशांत तेही वेगळं नांदतं. फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलं ते शेवटी दीर्घ आ असलेलं रूप, म्हणजे जोपासण्याच्या धातूचं. ही दोन्ही घरं अरबीत भिंतीला भिंत लावून आहेत आणि एकमेकांच्या अंगणात त्यांचं जाणंयेणं आहे, हे मी मान्य करते. तरी दारावरची पाटी वाचायची झाली तर ती माझ्या बाजूने आहे.

पाटीपेक्षाही मला पटतो तो स्वयंपाकघरातला पुरावा. आवळा घ्या. त्याला टोचे मारतात, तुरटीच्या पाण्यात ठेवतात, वाफवतात, मग पाकात सोडतात. तो पाक सुरुवातीलाच दोनतारी असला तर आवळा आक्रसतो, चामड्यासारखा होतो. घट्ट पाक फळातलं पाणी ओढून घेतो आणि साखरेला आत शिरायला सवड मिळत नाही. म्हणून जाणती बाई पहिल्या दिवशी पातळ पाक करते, दुसऱ्या दिवशी तो जरा आटवते, तिसऱ्या दिवशी आणखी. फळाला गोडाची सवय लावत न्यावी लागते. आखाड्यात पोराला पहिल्याच दिवशी वस्तादाशी भिडवत नाहीत, तसंच. ज्याने या प्रकाराला पहिल्यांदा 'मुरब्बा' म्हटलं त्याने हे काम जवळून पाहिलं होतं, अशी माझी खात्री आहे.

दुसरा दावा आजींचा, आणि बहुतेक मराठी घरांचा. मुरलेला आंबा तो मुरांबा, यात अरबी आलं कुठून? हा दावा मी हलका मानत नाही, कारण आपला मुरंबा खरोखर बहुतेक वेळा कैरीचाच असतो. पण शेजारी डोकावून पाहा. हिंदीत मुरब्बा, गुजरातीत मुरब्बो, बंगालीत मोरोब्बा. वीरभूममधल्या सिउडीचा मोरोब्बा नावाजलेला आहे आणि तिथे तो कोहळ्याचाही करतात. हिंदीत गाजराचा असतो, आवळ्याचा असतो. या भाषांत शब्दामागे आंबाही नाही आणि मुरणंही नाही. शब्द मूळचा मराठी असता तर एवढ्या दूरवर जाताना तो वाटेत दोन्ही हरवून बसला आणि नेमका अरबी शब्दासारखा झाला, असं मानावं लागेल.

मग आंबा आला कुठून? नाकातून आला. पक्षाचा पंख झाला, मार्जाराचं मांजर झालं. अक्षरांची जोडी आली की तिथे अनुस्वार घालायची आपल्या जिभेची जुनी खोड आहे. त्याच खोडीने ब्ब चा ंब झाला, मुरब्ब्याचा मुरंबा झाला. आणि मुरंबा कानावर पडताच मराठी माणसाला त्यात मुरणं ऐकू आलं आणि आंबा दिसला. बरणीत होती कैरीच! परक्या शब्दाला घरचा अर्थ इतका चपखल बसल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

याला साक्षीदार आहे मोरावळा. मुरंब्याचा उच्चार मोरंबा असाही होतो. त्यातला आंबा काढून तिथे आवळा बसवला की मोरावळा. शब्दाला 'आंबा' हे शेपूट आहे असं मनाने धरल्याशिवाय कुणी ते कापून दुसरं जोडणार नाही. अरबीत 'मोर' या तुकड्याला काहीही अर्थ नाही, तो आपल्या कानाने पाडलेला तुकडा आहे. मग साखरांबा, गुळांबा, मेथांबा हे त्याच साच्यातून निघाले, असं मी म्हणते. कुणी म्हणेल, साखर अधिक आंबा हा साधा समास आहे, त्याला मुरंब्याचा आधार कशाला? तेही खरं असू शकतं. पण ही सगळी भावंडं एकाच फळीवर, तशाच दादरा बांधलेल्या बरण्यांत राहतात, आणि नावं एकमेकांकडे पाहूनच ठेवली जातात.

आता माझा वाडगा. आजींच्या अर्थाने तो मुरंबा नाही, मुरला नव्हताच. पण अरबी अर्थात कुठेही महिना, पंधरवडा सांगितलेला नाही. तिथे सांगितली आहे ती राखण. हे कळल्यावर मला पहिल्या वाडग्यातली चूक दिसली. काठाच्या फोडी चिवट झाल्या होत्या आणि मधल्या जेमतेम कोमट. मायक्रोवेव्हच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात, आत जास्त तापणाऱ्या जागा साधारण ६ सेंटिमीटरवर पडतात, आणि फळाच्या आत लहरी फार खोल जात नाहीत. त्यात मी सगळी साखर एकदम ओतली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी वस्तादाशी कुस्ती.

दुसऱ्या वेळी असं केलं. सहा अंजिरांच्या चार-चार फोडी आणि एक चमचा पाणी, वर ताटली झाकून एक मिनिट. फोडी मऊ झाल्या, पाणी सुटलं. मग एक चमचा साखर, ढवळून अर्धा मिनिट. पुन्हा एक चमचा, पुन्हा ढवळून अर्धा मिनिट, आता झाकण न ठेवता. दारासमोर उभं राहायचं, कारण फेस बघता बघता काठाला येतो. वाडगा म्हणूनच खोल हवा, निम्म्याहून अधिक रिकामा. शेवटचा अर्धा मिनिट लिंबू आणि लवंग घालून. बाहेर काढल्यावर लगेच चाखायचा नाही. पाक उकळत्या पाण्यापेक्षा तापलेला असतो, जीभ पोळते. पाच मिनिटं थांबून अंगठा आणि तर्जनीत थेंब धरला तर बारीक तार आली. फोडी फुगीर राहिल्या होत्या आणि आतल्या बिया दाताखाली कुरकुरत होत्या.

साखर ज्याच्यापासून होते त्या उसाचं संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्या शेजारी मांजरीलाच आहे. अंजीर पुरंदरचं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंजीर हे नावही फारसीतून आलेलं, आणि झाड म्हणून आपलं उंबर अंजिराचंच भावंड. फळाने दिवे घाट उतरावा आणि गाडीतळावर पोचावं, एवढाच त्याचा प्रवास. मुरंबा या नावाचा प्रवास मात्र बगदादकडून झाला असावा.

अर्धा मुरंबा मी खाल्ला. अर्धा वाटीत घालून आजींकडे दिला आणि सांगितलं, की हा दोन दिवस झाकून फ्रीजमध्ये ठेवा, मग खा. तरबेजची गोष्टही सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे फळालाही वळण लावावं लागतं म्हण की."

तिसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून तिच्यात मोरावळ्याचे दोन आवळे होते, गेल्या हिवाळ्यातले, मधासारख्या रंगाचे.