डाव लिहिण्याची गोष्ट

एटापल्ली किंवा भामरागडच्या शाळेत बुद्धिबळाचा पट आणणे अवघड नाही. अवघड आहे ते तोलामोलाचा प्रतिस्पर्धी आणि चांगली पुस्तके मिळणे. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या खेळ्या गडचिरोलीतही त्याच क्षणी पाहता येत होत्या. हे शक्य झाले, कारण डाव लिहिता येतो. ही युक्ती मात्र संगणकापेक्षा फार जुनी आहे.

पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' या ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन केले. एकही घर दोनदा न घेता चौसष्ट घरे फिरणाऱ्या घोड्याची वाटही त्यांनी नोंदली. १८१४ मध्ये त्रेवेंगडाचार्य शास्त्रींचे, मूळ संस्कृतातून आणलेले डावांच्या स्थितींचे इंग्रजी पुस्तक मुंबईत छापले गेले. दरम्यान अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकात घरांना अक्षर व अंक यांची नावे दिली होती. 'ई ४' म्हटले की पटावरचे एकच घर, हे विद्यार्थ्यांना आलेखातील निर्देशकांसारखे समजावता येते. (भूमितीच्या तासाला बुद्धिबळाचा पट का नेऊ नये?)

१९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या तिच्या बहिणींनीही ते विजेतेपद मिळवले. त्या पिढीला परदेशातील डाव पुस्तकांतून आणि नियतकालिकांतूनच पाहावे लागत. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या 'इन्फॉर्मेटर'ने शब्दांऐवजी चिन्हे वापरून भाषेची अडचण दूर केली. किमतीची आणि टपालाची अडचण तशीच राहिली.

ती सुटली १९९० नंतर. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३-९४ च्या सुमारास 'पीजीएन' ही डाव लिहिण्याची सर्वमान्य पद्धत मांडली. आधी स्पर्धा, ठिकाण, दिनांक, खेळाडू, निकाल अशी माहिती आणि मग खेळ्या. सगळा साधा मजकूर, माणसालाही वाचता येईल असा. सप्टेंबर १९९४ पासून इंग्लंडचे मार्क क्राउदर दर आठवड्याचे डाव गोळा करून इंटरनेटवर देऊ लागले. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आता थोडा हिशेब करू. चाळीस खेळ्यांचा डाव, दोन्ही बाजू धरून, साधारण पाचशे अक्षरांत मावतो. वरची माहिती मिळवली तरी एक किलोबाइटच्या आत. म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत दोन-तीन हजार डाव बसतात! पर्लकोटा नदी पावसाळ्यात वर्षानुवर्षे भामरागडचा रस्ता अडवत आली आहे. तिथे या हिशेबाला फार अर्थ आहे. तालुक्याच्या गावी एकदा डाव उतरवून घ्यावेत, मग महिनाभर नेटवर्क नसले तरी चालते. 'लिचेस' या विनामूल्य संकेतस्थळावरची लाखो कोडीही अशीच उतरवून घेता येतात. राजे धरून पाचपर्यंत मोहरी उरलेल्या प्रत्येक स्थितीचे अचूक उत्तर देणारी कोष्टके तर एक गिगाबाइटपेक्षाही कमी जागेत मावतात.

शोधताना खेळाडूचे नाव आणि वर्ष रोमन लिपीत लिहून पुढे 'पीजीएन' जोडावे. मिळालेल्या डावाचे ठिकाण, दिनांक आणि निकाल दुसऱ्या संग्रहाशी ताडून पाहावेत, कारण चुकीच्या नोंदी भराभर नकलल्या जातात. संगणकाला उत्तर विचारण्याची घाई मात्र करू देऊ नये. माझ्या मते त्याने मुलांचा विचार थांबतो. पटावर मोहरी मांडावीत, छापलेली पुढची खेळी कागदाने झाकावी आणि प्रत्येकाला आपली खेळी कारणासह वहीत लिहायला सांगावे. मगच कागद खाली सरकवावा.