अर्ध्या चिपांचा संगणक

आज एका संगणकाची गोष्ट. त्यातल्या काही चिपा सदोष होत्या, बनवणाऱ्याला ते माहीत होतं आणि तरीही त्या मुद्दाम घेतल्या होत्या.

एप्रिल १९८२. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ के मेमरीचा १७५ पौंडांना. सामान्य घराला परवडायला हवा, म्हणून प्रत्येक सुट्या भागाच्या किमतीकडे लक्ष.

आता हिशेब बघा. त्यातला झेड-८० प्रोसेसर थेट ६४ केपर्यंतच मेमरी हाताळतो. त्यातले १६ के रॉमला, १६ के मूळ रॅमला. उरले ३२ के. त्या काळी ६४ किलोबिटच्या रॅम चिपा नव्या आणि महाग होत्या. सिलिकॉनवर धुळीचा कण पडला, तरी काही बिट निकामी. पण दोष एकाच अर्ध्या भागात असेल, तर दुसरा अर्धा ठणठणीत! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ओकी या कंपन्या अशा चिपा तपासून, कोणता अर्धा चांगला याची खूण करून, ३२ किलोबिटच्या म्हणून विकत.

खरी मेख पुढे आहे. एका बाइटचे आठ बिट आठ वेगळ्या चिपांत राहतात आणि कोणता अर्धा वापरायचा हे आठही चिपांसाठी एकदमच ठरतं. म्हणून आठही चिपा एकाच बाजूने चांगल्या हव्यात. ती बाजू कोणती, हे बोर्डावरचा तारेचा एक जोड ठरवी. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नसे.

किंमत मात्र मोजावी लागली. चिपांची वर्गवारी सांभाळायची; दुरुस्तीत एक चिप जरी उलट बाजूची बसली, तरी मेमरी चुकणार. आज दुरुस्ती करणारे सरळ ६४ किलोबिटची पूर्ण चांगली चिप बसवतात आणि तिचा अर्धा भाग रिकामा राहतो.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर ह्यूलेट-पॅकार्डच्या टेरामॅक यंत्रात दिसतो. १९९८ मध्ये त्याच्या संशोधकांनी लिहिलं, की यंत्रात सुमारे २,२०,००० दोष आहेत आणि तरी ते चालतं. आधी दोषांचा नकाशा करायचा, मग ते टाळून जोडणी करायची.

दोन्हीकडे क्रम तोच: तपासणी, नोंद, मग रचना. पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या, तर तो निव्वळ खराब माल.